ओलिटाबाई आणि अठरा नंबरचे पाय

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ब्रॅशर गॅप गावात बातमी पसरली की ओलिटा स्टॅम्परबाईंना एका बड्या व्यावसायिक बास्केटबॉल संघाने गुप्तहेर म्हणून नेमलं आहे. बातमीचा उगम नेहमीप्रमाणे होबर्ट नीस न्हाव्याच्या दुकानात. होबर्टने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं म्हणे! कॉलेजच्या बास्केटबॉल हॉलमध्ये, मैदानाच्या मधोमध, एक सुटाबुटातला परका माणूस आणि ओलिटाबाई, दोघंही गुडघ्यांवर, नाकं जमिनीला टेकलेली, आणि बाई त्याला बोटाने काहीतरी दाखवतायत. संध्याकाळपर्यंत त्या माणसाची गाडी हातभर लांब झाली. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर बाईंचा पगार ठरला, आणि प्रार्थनेनंतरच्या जेवणात केळ्याचं पुडिंग वाढेवाढेपर्यंत बाई नवऱ्याला टाकून शिकागोला राहायला निघाल्यासुद्धा.

खरी गोष्ट इतकीच की तो माणूस होता व्यावसायिक संघाचाच, कॉलेजांमधली पोरं हेरत फिरणं हाच त्याचा धंदा. पण त्या दिवशी तो हेरत होता ती स्वतःच्या डोळ्यातून पडलेली लेन्स. बाईंनी जमीन चाचपून चार मिनिटांत ती शोधून दिली आणि धुतल्याशिवाय डोळ्यात घालू नका म्हणून दमही दिला. उठता उठता त्याने सहज विचारलं, या जमिनीवरच्या काळ्या रेघा कसल्या? "या होय? पोरांच्या सह्या," बाई म्हणाल्या. तिथेच गुप्तहेरखातं बंद झालं. नवऱ्याला टाकायचं म्हणाल, तर तो विचार एवढ्या वर्षांच्या संसारात बाईंच्या मनात बऱ्याचदा येऊन गेला असेल, पण शिकागोपायी कधीच नाही.

अफवा खोटी ठरली तरी ती लोकांना इतक्या चटकन पटली कशी, याला कारण होतं. ओलिटाबाई त्या हॉलची जमीन चौतीस वर्षं सांभाळत होत्या. मेपलच्या पिवळ्याधमक फळ्यांची जमीन. तिच्यावर कुणी रस्त्यावरचे बूट घालून पाय ठेवला तर तो कॉलेजचा अध्यक्ष का असेना, बाई त्याला दारातूनच परत पाठवायच्या. एका अध्यक्षांनी तर आपलं वार्षिक भाषण मोज्यांवर उभं राहून केलं होतं. खेळ संपला की बाई आधी सहा फुटी कोरडं पुसणं फिरवायच्या, आणि मग त्यांचं खरं हत्यार बाहेर निघायचं. झाडूच्या दांड्याला फुली कापून खोचलेला टेनिसचा चेंडू. बुटांच्या रबराने जमिनीवर ज्या काळ्या रेघा उठतात, त्या या चेंडूने घासल्या की पुसल्या जातात. जगभरच्या हॉलांत लोक त्या पुसतात. बाई आधी वाचायच्या, मग पुसायच्या.

कोण कुठे थांबला, कोण दोन्ही पायांवर उडाला, कोण वळताना डाव्या पायाला घाबरतो, कोण दमला की टाच ओढतो, सगळं त्यांना त्या रेघांत दिसायचं. सामना चालू असताना त्या दारात उभ्या असायच्या, पण बॉलकडे बघायच्या नाहीत. "बॉल कुठे आहे ते चार हजार माणसं बघतायत. मी एकटीने नाही बघितला तर तो हरवणार नाही," असं त्यांचं म्हणणं.

तर अशा या बाईंनी वीस वर्षांपूर्वी लेस्टर गेहार्टला सांगितलं होतं, "जा पोरा, तुझे पाय इथे मावत नाहीत." लेस्टर गेला, आणि अकरा वर्षं मोठ्या लीगमध्ये खेळला. पुढे रॉइस टटलला सांगितलं, "तू जाऊ नकोस, तुझ्या रेघा सगळ्या एकाच बाजूला आहेत." रॉइसने ऐकलं नाही. त्याला कुणी निवडलं नाही. आता तो मेन स्ट्रीटवर विमा विकतो, आणि दारात बाई दिसल्या की (आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही आदराने 'मिस'च म्हणतात) म्हणतो, "मिस ओलिटा, तेव्हा जरा जोरात ओरडायचं होतंत ना!" यावर बाईंचं उत्तर ठरलेलं असतं, "जोरातच ओरडले होते. तू तेव्हाही डाव्या बाजूने ऐकत नव्हतास."

दोन निकाल, दोन्ही अचूक. गावाला एवढं पुरेसं होतं.

आणि त्या वर्षी मॅलकाय बोल्डन आला. लुईव्हिलचा, बस चालवणाऱ्या आईचा एकुलता एक मुलगा, पावणेसात फूट उंच, अठरा वर्षांचा आणि अठरा नंबरच्या पायांचा. कॉलेजचं पहिलंच वर्ष. ऑक्टोबरात गावातल्या लोकांना त्याचं नाव नीट घेता येत नव्हतं. जानेवारीत लोक कुत्र्यांना त्याचं नाव ठेवू लागले. तो रिंगपाशी उडायचा तेव्हा अख्खा हॉल श्वास रोखून धरायचा, आणि तो खाली येईपर्यंत होबर्टसारख्यांचे तोंडातले शेंगदाणे चावायचे राहून जायचे. आमच्या छोट्या कॉलेजने एवढे सामने कधी जिंकले नव्हते.

हंगाम संपला, आणि मॅलकायने मोठ्या लीगच्या निवडीसाठी आपलं नाव दिलं. नाव नुसतं दिलं म्हणून काही बिघडत नव्हतं. एप्रिलमधल्या एका रविवारी संध्याकाळी पाचच्या आत ते परत घेता येत होतं. पण पाच वाजून गेले आणि नाव तसंच राहिलं, तर कॉलेजचं दार कायमचं बंद. मग लीगने निवडलं तर ठीक, नाही निवडलं तर रॉइसच्या शेजारची खुर्ची.

त्या रविवारच्या आधीच्या मंगळवारी सकाळी मॅलकाय दाराच्या चौकटीखाली मान वाकवून हॉलमध्ये आला. त्याचा आणि बाकीच्या पोरांचा सराव नुकताच आटोपला होता, जमीन अजून पुसायची होती. बाई खालच्या बाकावर बसून, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, कोल्ड्रिंकच्या बाटलीत खारे शेंगदाणे टाकत होत्या.

"मिस ओलिटा, एक विचारू का?"

"आधी तिथला टॉवेल उचल. मग दोन विचार."

त्याने टॉवेल उचलला. "जाऊ की राहू?"

"बाकीचे काय म्हणतायत?"

"कोच म्हणतात राहा. एजंट म्हणतात जा. मामा म्हणतो जा, आणि मलाही ने. आणि लीगच्या समितीचं पत्र आलंय, की माझी निवड पहिल्या फेरीच्या शेवटी होईल, किंवा दुसऱ्या फेरीत होईल, किंवा कदाचित होणारच नाही."

"पत्र लिहिणारा हवामानखात्यातला दिसतोय. आई काय म्हणते?"

"आई म्हणते, तुला बघून टाळ्या वाजवत नाही असं कुणी असेल तर त्याला विचार." मॅलकायने मान खाजवली. "मग तुमचंच नाव डोक्यात आलं."

"ही स्तुती समजू का रे?"

"स्तुतीच, मॅम."

बाईंनी बाटली खाली ठेवली, त्याला मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात नेलं आणि चेंडूच्या दांड्याने जमिनीला न टेकवता हवेतच गोल काढला. "बचावाला तू कुठे उभा असतोस? इथे. काय दिसतंय?"

मॅलकायने वाकून पाहिलं. "काही नाही, मॅम."

"तेच सांगतेय मी. समोरच्याला अडवायचं म्हणजे खेकड्यासारखं आडवं सरकायला लागतं, आणि त्याच्या आडव्या रेघा उठतात. नाताळापर्यंत इथे तुझ्या रेघा होत्या. दाट, छान. बघून मी घरी वर्लिनला सांगितलंही होतं की हा पोरगा काम करतो. मग पेपरात तुझा फोटो आला आणि रेघा बंद. तिकडे रिंगखाली नाहीत ते मी समजू शकते, तिकडे तू जमिनीवर असतोसच कुठे? पण इकडे? इकडे तू सुट्टीवर आहेस, बाळा."

"पण मी तर..."

"जमिनीला तुझी भीड नाही. माझीही नाही. त्या लीगमध्ये तीस-तीस वर्षांचे बाप्ये आहेत. ते तुझ्या डाव्या बाजूने निघून जातील, आणि जाता जाता तुझ्या आईची खुशाली विचारतील."

"म्हणजे नको जाऊ?"

"एक वर्ष थांब. रेघा परत येऊ देत."

आता कुणालाही वाटलं असतं की पोराचं तोंड उतरेल. उतरलं नाही. उलट शाळेला अचानक सुट्टी मिळालेल्या मुलासारखा त्याचा चेहरा फुलला. दुपारी तो बाईंच्या घरी जेवायला आला, त्याने चार वाट्या घेवड्याचं सूप आणि मक्याचा पाव जवळजवळ अख्खा संपवला, आणि वर्लिनने शेवटी आपल्या ताटाभोवती कोपर आडवं धरलं. हा वर्लिन स्टॅम्पर म्हणजे बाईंचा नवरा. टोमॅटो लावतो, कमी बोलतो, आणि सोयीप्रमाणे कमी ऐकतो.

संध्याकाळच्या आत गावभर झालं, ओलिटाने नाही म्हटलं, पोरगा राहतोय! होबर्टने दुकानाच्या काचेवर साबणाने लिहिलं, 'आणखी एक वर्ष!' रॉइसने बाईंना रस्त्यात वाकून नमस्कार केला. आणि कोच प्रुइट, ज्यांनी चौतीस वर्षांत बाईंना ओल्या टॉवेलांखेरीज काही दिलं नव्हतं, त्यांनी धुरावलेली डुकराची अख्खी तंगडी, म्हणजे हॅम, लाल रिबीन बांधून घरी पाठवली आणि स्वतः निश्चिंत मनाने ओहायोला एक नवा पोरगा बघायला गेले.

तीन दिवस सगळे आनंदात होते. शुक्रवारी बाई कपडे बदलायच्या खोलीत केर काढायला गेल्या. खिडकीत होड्यांएवढे दोन बूट वाळत ठेवले होते. एवढे मोठे बूट गावात एकाचेच. बाईंनी ते उचलून बाजूला ठेवले, आणि ठेवता ठेवता त्यांचं लक्ष तळाकडे गेलं.

तळ साईसारखा फिकट होता.

बाकी संघाच्या बुटांचे तळ काळे कुळकुळीत. बाईंनी एक बूट मैदानावर नेला, फळीवर टेकवला आणि ओढला. काही नाही. मग गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी दाबून ओढला. कर्रर्र आवाज आला, पण रेघ नाही. मग बूट स्वतःच्या पायात घातला. तो बाईंच्या पायात म्हणजे बादलीत चमचा. तसा फरफटत त्यांनी तो डाव्या कोपऱ्यात आडवा घासत नेला. जमीन आरशासारखी स्वच्छ.

दुपारी बारा वाजता रोजच्याप्रमाणे वर्लिन डबा घेऊन आला, तेव्हा बाई खालच्या बाकावर बसल्या होत्या. एका पायात स्वतःचा बूट, एका पायात होडी.

"वर्लिन, मी चुकले."

वर्लिनने डबा उघडला. "कोचचा हॅम आणलाय."

"ऐकू येतंय तुला, मला माहीत आहे. नाताळाच्या सुट्टीत या पोराचे पाय वाढले. दुकानात अठरा नंबर मिळेना म्हणून कंपनीने त्याच्यासाठी मुद्दाम बनवून पाठवले हे. याच्या तळाची रेघच उठत नाही! पोरगा जानेवारीपासून राबतोय की झोपा काढतोय, मला काहीएक माहीत नाही. आणि मी त्याला तोंडावर आळशी म्हटलं."

वर्लिन बराच वेळ चावत राहिला. मग म्हणाला, "रिंगखाली पण रेघा नव्हत्या ना त्याच्या?"

"मला वाटलं हवेत असतो."

"चार महिने?"

"तू गप्प बस."

तो गप्प बसला, पण बाईंना ते जास्तच बोचलं. आजवर गावातलं कुणीही हवामान विचारायलासुद्धा त्यांच्या दारात यायचं. आता तोंड उघडून 'मी बूट बघितले नाहीत' असं सांगायचं. होबर्ट तर त्यांना मरेपर्यंत सोडणार नव्हता. आणि न सांगावं, तर रविवारी पाच वाजता पोरगा आपलं नाव काढून घेणार, ते बाईंच्या एका बिनबुडाच्या शब्दावर. शब्द चुकीचा होता असं नाही, तो बरोबरही असेल. पण तो बाईंनी पाहून दिलेला नव्हता, आणि हे बाईंना माहीत झालेलं होतं.

"आपण अर्धा हॅम खाल्ला," बाई म्हणाल्या.

"चांगला आहे."

"वर्लिन, तुझ्या काळ्या बूटपॉलिशची डबी कुठे आहे?"

या प्रश्नावर मात्र वर्लिनचे दोन्ही कान उघडले.

शनिवारी सकाळी नऊ वाजता बाईंनी मॅलकायला आणि संघातल्या आणखी चार पोरांना हॉलवर बोलावलं. कशाला ते सांगितलं नाही. साहजिकच सव्वानऊला होबर्ट दुकानाला कुलूप लावून दारात हजर, आणि त्याच्यामागे अर्धी दाढी झालेलं एक गिऱ्हाईक.

"बूट दे," बाई मॅलकायला म्हणाल्या.

त्याने दिले. बाईंनी बाकावर बसून फडक्याने दोन्ही तळांना पॉलिश फासलं. नुसतं फासलं नाही, थापलं. दारात होबर्टने टोपी काढली. एका अध्यक्षाला मोज्यांवर उभं करणारी बाई, स्वतःच्या हाताने काळं थापून त्याच जमिनीवर कुणाला सोडतेय, हे दृश्य त्याला पेलेना.

"ओलिटा, बरी आहेस ना? डॉक्टरला बोलावू?"

"तू आधी त्या माणसाची दाढी पुरी कर, होबर्ट." मग त्या मॅलकायकडे वळल्या. "मंगळवारी मी तुला जे बोलले ते विसर. खरं होतं म्हणून नव्हे, खोटं होतं म्हणूनही नव्हे. मी बघितलंच नव्हतं. तुझ्या बुटांना रंगच नव्हता आणि मी म्हटलं तुलाच दम नाही. आता खेळ. दोघांविरुद्ध दोघं, दमला की बदला. तू मात्र बसायचं नाहीस."

"जमीन खराब होईल, मिस ओलिटा."

"जमीन माझी आहे. खेळ."

पोरं खेळली. तासभर खेळली. सुरुवातीला मॅलकाय पाय उचलून उचलून, काचेवरून चालल्यासारखा पळत होता. मग ड्यूई नावाच्या जाड्याने त्याला कोपराने ढोसलं आणि तो सगळं विसरला. बाई बॉलकडे एकदाही बघत नव्हत्या. आणि या वेळी, चौतीस वर्षांत पहिल्यांदा, दारातली माणसंही बॉलकडे बघत नव्हती.

थांबा म्हणून बाईंनी हात वर केला तेव्हा मैदानाचा डावा कोपरा नांगरल्यासारखा दिसत होता. पॉलिशच्या आडव्या रेघा, एकीवर एक, मधे श्वास घ्यायला जागा नाही. बाई त्यांच्यातून वाकून चालत गेल्या. कोपरा संपला तरी रेघा संपेनात. त्या पार मधल्या वर्तुळाच्या पलीकडे, जिथे ड्यूईने उभं राहायचं असतं, तिथवर गेल्या होत्या.

"इथे काय करत होतास?"

"ड्यूई जरा... उशिरा पोचतो, मॅम. म्हणून मी जातो."

"नेहमी?"

"नाताळानंतर त्याचा गुडघा दुखतोय."

ड्यूईने छताकडे पाहिलं.

बाईंनी एक रेघ बोटाने चाचपली, जाडी पाहिली, शेवटी पाय कुठे फिरला ते पाहिलं. मग कमरेवर हात ठेवून सरळ उभ्या राहिल्या. "तुझे पाय तयार आहेत. मंगळवारीही होते. फेब्रुवारीतही असणार."

दारात होबर्टने "अरे देवा" असं म्हटलं, ते पुढच्या हंगामाच्या काळजीने.

पण मॅलकाय खूश झाला नाही. त्याने बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडल्या, परत बांधल्या, परत सोडल्या. "तुम्ही नाही म्हणाला होतात."

"म्हणाले होते."

"मी आईला सांगून टाकलं. वसतिगृहात पुढच्या वर्षाची खोलीसुद्धा मागितली. चार रात्री नीट झोपलो मी, मिस ओलिटा. महिन्यात पहिल्यांदा." त्याचा आवाज जरा चढला. "तुम्ही आता असं कसं बदलता? एक दिवस तर राहिलाय!"

"म्हणून तर आज बदलतेय."

"मग जा म्हणा! मंगळवारी नको म्हणालात, आता जा म्हणा, संपलं."

बाई त्याच्या शेजारी बसल्या. बसूनही तो त्यांच्याहून दीड फूट उंच होता. "पोरा, मंगळवारी तू इतका खूश का झालास? आळशी म्हटलं कुणी, तर माझ्या घरी कुणी चार वाट्या सूप नाही पीत."

मॅलकायने नाडी पुन्हा बांधली. मग हळूच म्हणाला, "मला कपडे धुता येत नाहीत."

"काय?"

"तिथे एकटं राहायचं. घर घ्यायचं. आईने मला कधी मशीनला हात लावू दिला नाही, म्हणाली तू अभ्यास कर. इथे वसतिगृहात ड्यूई धुतो माझे. मी त्याची बचावाची बाजू सांभाळतो, तो माझे कपडे सांभाळतो."

ड्यूईने पुन्हा छताकडे पाहिलं. दारातलं अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक फिसकन हसलं, आणि बाईंनी नुसतं पाहिल्यावर गप्प झालं.

"आणखी काय येत नाही?"

"बँकेत कसं जायचं. आजारी पडलो तर कुणाला सांगायचं. आणि... तिथे कुणी आवडलंच नाही मला तर?"

"हे बघ, मला जमिनीवरचं दिसतं. पाय तयार आहेत, एवढं मी बघितलं, एवढंच सांगते. तुझ्या पोटात गोळा येतो की नाही, त्याची रेघ इथे उठत नाही. जायचं की राहायचं ते तू ठरव. भीती वाटते म्हणून राहिलास तरी मी तुला नावं ठेवणार नाही. पण तयार नाहीस म्हणून राहिलास असं माझ्या तोंडावर कुणाला सांगू नकोस, कारण ते खोटं आहे." मग त्या उठल्या. "कपड्यांचं म्हणशील तर दुपारी दोन वाजता घरी ये. ते आजच्या आज उरकतं."

दुपारी दोन वाजता तो खरंच आला, कपड्यांची दोन गाठोडी घेऊन. बाईंनी त्याला पांढरे वेगळे, रंगीत वेगळे करायला लावले. त्याने पहिल्याच फेरीत वर्लिनचा लाल रुमाल पांढऱ्यांत टाकला, आणि संघाचे सात पायमोजे गुलाबी झाले. "ठीक आहे," बाई म्हणाल्या, "हे आता तुला परत कधी विसरायला होणार नाही." कपडे दोरीवर वाळत असताना तो पायरीवर बसून आईशी फोनवर बोलला. तासभर. बाई स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभ्या राहून काहीही ऐकत नव्हत्या, असं बाई सांगतात. शेजारपाजारच्यांनी जे ऐकलं त्यात शेवटचं वाक्य असं होतं, "नाही आई, कुणी सांगितलं म्हणून नाही. मीच."

रविवारी पाच वाजले, आणि मॅलकायने नाव काढून घेतलं नाही.

तोवर बाई हॉलमध्ये गुडघ्यांवर बसून पॉलिश काढत होत्या. चेंडूने ते निघेना; टर्पेंटाइन लागलं, चिंध्या लागल्या, आणि वर्लिनही लागला. ड्यूई दुखऱ्या गुडघ्यासकट मदतीला आला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. सोमवारी होबर्टने काचेवरचा साबण पुसला, आणि त्या जागी 'बूट बघूनच केस कापले जातील' असं लिहिलं. तो फलक महिनाभर राहिला. बाई रोज त्याच्यासमोरून जायच्या आणि रोज आत डोकावून सांगायच्या, "स्पेलिंग बरोबर आहे आज, होबर्ट. कुणाकडून लिहून घेतलंस?"

जूनमध्ये निवड झाली. मॅलकाय बोल्डन पहिल्या फेरीत, सव्विसावा. समितीच्या त्या हवामानखात्याचा अंदाज तेवढ्यापुरता खरा निघाला. गावाने चर्चची घंटा वाजवली, आणि जे एप्रिलमध्ये बाईंवर रुसले होते त्यांनीच सगळ्यांत जोरात दोरी ओढली. सप्टेंबरात बाईंना पार्सल आलं, आत गुलाबी पायमोज्यांचा एक जोड आणि चिठ्ठी. 'सरावात डाव्या बाजूने अजून कुणी गेलेलं नाही. एक जण गेला, पण तो सगळ्यांच्याच बाजूने जातो.'

मग नोव्हेंबर आला आणि आमच्या कॉलेजचा पहिलाच सामना आम्ही एकतीस गुणांनी हरलो. डाव्या कोपऱ्यातून पाहुणे असे येत-जात होते, जसं काही तिथे तिकीटखिडकी उघडली आहे. ड्यूई वेळेवर पोचला नाही; आणि आता त्याच्या जागी पोचणारं कुणी नव्हतं.

हॉल रिकामा झाल्यावर कोच प्रुइट टाय सैल करून मैदानात आले. बाई पुसणं फिरवत होत्या. कोच एप्रिलपासून त्यांच्याशी धड बोलले नव्हते. हॅमचा विषय तर दोघांनीही काढला नव्हता. ते खालच्या बाकावर धप्पकन बसले.

"एकतीस गुण, मिस ओलिटा."

"मोजले मी."

"पोराला मी वाऱ्यावर सोडणार होतो का? एक वर्ष इथे राहिला असता, आणखी तयार झाला असता, पुढच्या साली आणखी वरच्या नंबरवर गेला असता. मी ओहायोत होतो, मला एक फोन तरी करायचात. त्या शनिवारी तुम्ही गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

बाईंनी पुसणं भिंतीला टेकवलं आणि दांड्यावरचा चेंडू नीट खोचला.

"तुमचं काहीच बिघडलं नसतं, कोच. म्हणूनच तुम्हाला विचारलं नाही."